नाकातील पॉलिप : शस्त्रक्रिया काय करते आणि काय करीत नाही



“एकदा ऑपरेशन करून टाकले, की हा त्रास मुळापासून जाईल ना?” नाकात पॉलिप आहेत असे निदान झाले, की घरातील वडीलधारी मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. एकदाच काय तो खर्च करून हिशोब चुकता करावा, ही व्यापारी मनाची स्वाभाविक ओढ आहे. परंतु या आजाराचा हिशोब तसा मिटत नाही. शस्त्रक्रियेने श्वास मोकळा होतो, पुष्कळांचा गंध परततो, रात्रीची झोप सुधारते; मात्र ज्या प्रवृत्तीतून पॉलिप उगवतात, ती प्रवृत्ती शस्त्राने कापून काढता येत नाही. शस्त्रक्रिया औषधाला वाट करून देते, औषधाची जागा घेत नाही. एवढी एक गोष्ट आधी नीट समजली, तर निर्णय सोपा होतो आणि पुढची निराशाही टळते.

हा विषय किरकोळ सर्दीचा नाही. घ्राणेंद्रिय ही आपल्या कित्येक घरांची मिळकत आहे. तुपाचा डबा उघडताच त्याचा कस ओळखणारे, चहाची पत्ती चिमटीत घेऊन भाव ठरविणारे, मिरचीच्या पोत्यातील दमटपणा वासावरून सांगणारे व्यापारी पिंपरी कॅम्पापासून चाकणच्या बाजारापर्यंत आढळतील. गंध हळूहळू गेला, तर तो गेल्याचे माणसाच्या ध्यानातही येत नाही. “जेवणाला चवच लागत नाही” एवढीच तक्रार घरात ऐकू येते. स्वयंपाकघरात गॅस गळत असताना वास न येणे तर थेट जिवाशी गाठ घालणारे आहे. म्हणून गंध जाणे हे वयाचे लक्षण समजून सोडून देऊ नये.

पॉलिप म्हणजे नेमके काय?

नाकाच्या दोन्ही बाजूंना, कपाळात, डोळ्यांच्या मध्ये आणि खोल कवटीच्या तळाशी हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. या पोकळ्यांचे आतील अस्तर सतत थोडा द्रव तयार करते आणि तो अरुंद वाटांनी नाकात येतो. अस्तराला सूज येऊन या वाटा बंद झाल्या आणि हा त्रास 12 आठवड्यांपेक्षा अधिक काळ चालू राहिला, की त्यास जुनाट सायनुसायटिस म्हणतात. काही रुग्णांत सुजलेले अस्तर फुगून, सोललेल्या द्राक्षासारखे फिकट, मऊ घोस नाकात लोंबू लागतात. हेच पॉलिप. त्यांना हात लावला तरी सहसा दुखत नाही आणि दोन्ही नाकपुड्यांतील नेहमीचे पॉलिप कर्करोगाचे नसतात. आपल्या प्राचीन वैद्यांनाही ते ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत नासारोगांमध्ये ‘नासार्श’ या नावाने त्यांचे वर्णन येते.

बोलीभाषेत “नाकात मांस वाढले” आणि “नाकाचे हाड वाढले” हे दोन्ही प्रयोग एकाच अर्थाने केले जातात. त्यातून गोंधळ होतो. हाड वाढणे म्हणजे बहुधा नाकातील मधला पडदा वाकडा असणे. ती रचनेतील उणीव आहे; ती एकदा सरळ केली की बहुधा काम संपते. पॉलिप हा मात्र अस्तराच्या दाहाचा आजार आहे. शेजारच्या कुणाचे ‘हाडाचे ऑपरेशन’ होऊन ते कायमचे बरे झाले, म्हणून आपल्या पॉलिपचेही तसेच होईल, हा हिशोब चुकीचा ठरतो.

पॉलिप असलेल्या पुष्कळ रुग्णांना दमाही असतो. काहींना त्याबरोबर ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या सोसत नाहीत. गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत नाक चोंदते, दम लागतो. पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिन न सोसणे हे त्रिकूट ज्यांच्यात आहे, त्यांचे पॉलिप विशेष चिवट असतात. अशा व्यक्तींनी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून आणून कधीही घेऊ नयेत आणि शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

आपल्या पट्ट्यातील हवा आणि आपली औषधे

भोसरी, तळवडे, चाकण या परिसरात ग्राइंडिंगची धूळ, वेल्डिंगचा धूर, रंगाच्या फवाऱ्याची वाफ आणि गोदामातील मसाल्याची व धान्याची पूड यांच्या सहवासात रोजचे आठ-दहा तास जातात. या धुळीमुळेच पॉलिप होतात असे म्हणता येणार नाही. परंतु सुजलेल्या अस्तराला ती सतत डिवचते आणि औषधाचा गुण येऊ देत नाही. आपल्या कारखान्यात वा गोदामात चांगल्या प्रतीचा मास्क, धूर बाहेर खेचणारा पंखा आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसण्याची पद्धत असेल, तर त्याचा लाभ मालकाला जितका, तितकाच कामगारालाही होतो.

दुसरी गोष्ट प्रतिजैविकांची. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना 1954 मध्ये स्थापन झाला आणि पिंपरीचे नाव पेनिसिलिनशी जोडले गेले. त्या औषधाने असंख्य जीव वाचले. परंतु पॉलिपचा आजार मुख्यतः जंतूंचा नाही, दाहाचा आहे. दर महिन्याला नाक चोंदले की प्रतिजैविकाचा नवा कोर्स घेण्याची सवय म्हणूनच निरुपयोगी आणि घातकही आहे. ब्रिटनमधील 514 रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक तीन महिने घेणारे रुग्ण आणि औषधाविना नुसती गोळी घेणारे रुग्ण यांच्यात उल्लेखनीय फरक दिसला नाही. पू, ताप, तीव्र वेदना असतील तेव्हा प्रतिजैविक लागते, एरवी नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीची पायरी

उपचाराचा पाया दोन साध्या गोष्टींचा आहे. मिठाच्या पाण्याने रोज नाक धुणे ही पहिली आणि मोमेटासोन, फ्लुटिकासोन यांसारख्या स्टिरॉइडचा नाकात फवारा नियमित मारणे ही दुसरी. ‘स्टिरॉइड’ शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही. फवाऱ्यातील औषध अत्यल्प असते आणि त्यातील फारच थोडे रक्तात जाते. गुण यायला काही आठवडे लागतात. दोन दिवस मारून “काही फरक नाही” म्हणत बाटली फडताळात ठेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

पॉलिप मोठे असतील तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. त्यांनी पॉलिप आकसतात, गंध परततो आणि रुग्ण हरखून जातो. गोळ्या थांबल्यावर काही आठवड्यांत वा महिन्यांत त्रास पुन्हा सुरू होतो. मग जुनी चिठ्ठी दाखवून परस्पर त्याच गोळ्या आणल्या जातात. हे कटाक्षाने टाळावे. वारंवार घेतलेल्या या गोळ्यांनी साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. वर्षातून एक-दोनदा अशा कोर्सची गरज पडू लागली, तर शस्त्रक्रियेचा विचार करण्याची वेळ आली असे समजावे.

शस्त्रक्रियेचे प्रकार

साधी पॉलिप काढणी : नाकात दिसणारे घोस तेवढे काढणे. वेळ कमी लागतो, खर्च कमी येतो. परंतु ज्या पोकळीतून घोस उगवले ती तशीच बंद राहते, म्हणून ते लवकर परततात. वयोवृद्ध वा दीर्घ भूल न सोसणाऱ्या रुग्णांपुरता हा मार्ग उपयोगी आहे.

दुर्बिणीची सायनस शस्त्रक्रिया : आज हीच प्रमुख शस्त्रक्रिया आहे. पूर्वी ओठाखाली छेद देऊन गालाच्या हाडातून सायनसमध्ये शिरत असत. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचदांडी-भिंगांमुळे बारीक आणि स्वच्छ दिसणारी दुर्बीण शक्य झाली. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांनी सायनसच्या नैसर्गिक वाटांचा सूक्ष्म अभ्यास केला आणि 1985 च्या सुमारास अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी या पद्धतीला आजचे नाव रूढ केले. बाहेर कोठेही छेद नसतो. नाकातूनच दुर्बीण घालून पॉलिप काढतात, डोळ्यांच्या मधल्या लहान पोकळ्यांचे पडदे मोकळे करतात आणि मोठ्या सायनसची दारे रुंद करतात. पॉलिप कापून त्याच क्षणी शोषून घेणारे यंत्र वापरल्याने आजूबाजूचे निरोगी अस्तर शाबूत राहते. शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भुलीखाली होते आणि रुग्ण त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी घरी जातो.

विस्तृत शस्त्रक्रिया : पॉलिप पुन्हा पुन्हा होणाऱ्या रुग्णांत सर्व सायनस पूर्ण उघडतात. कपाळातील सायनसचा तळ दोन्ही बाजूंनी एकत्र करून एकच मोठी वाट करण्याचीही पद्धत आहे. काही केंद्रांत आजारी अस्तरच काढून नवे अस्तर येऊ देतात. हे काम विशेष अनुभवी हातांचे आहे.

फुग्याची पद्धत : बारीक फुगा फुगवून सायनसचे दार रुंद करणे. जाहिरातींत ती आकर्षक वाटते. परंतु फुग्याने पॉलिप निघत नाहीत. पॉलिपच्या रुग्णासाठी ती मुख्य उपाय नव्हे.

शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून अलीकडे इंजेक्शनेही आली आहेत. दाहाच्या साखळीतील ठरावीक कडी रोखणारे ड्युपिलुमॅब हे औषध अमेरिकेत 2019 मध्ये पॉलिपसाठी मान्य झाले. नंतर ओमालिझुमॅब आणि मेपोलिझुमॅब यांनाही मान्यता मिळाली. गुण चांगला आहे, विशेषतः गंध परत येण्यात. परंतु ती महाग आहेत, दीर्घकाळ घ्यावी लागतात आणि थांबविल्यावर आजार परतू शकतो. तीव्र दमा असलेल्या वा शस्त्रक्रियेनंतरही पॉलिप परतलेल्या रुग्णांसाठी त्यांचा विचार प्रामुख्याने होतो.

आकडे काय सांगतात?

वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश चाचणीत शस्त्रक्रिया झालेले रुग्ण सहा महिन्यांनी इतरांपेक्षा स्पष्टपणे बरे होते. नेदरलँड्समधील 238 रुग्णांच्या, केवळ पॉलिपवरील चाचणीत मात्र वर्षाअखेरचा फरक माफक निघाला : 110 गुणांच्या त्रासमापन प्रश्नावलीत सुमारे 5 गुणांचा. रुग्णाला स्वतःला जाणवावा असा फरक साधारण 9 गुणांचा मानतात. दोन्ही चाचण्यांचे उत्तर एकसारखे नाही. पण एक गोष्ट दोन्हींत समान आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांचीही नाकातील औषधे चालूच होती.

पुढच्या काळाचे काय? इंग्लंड-वेल्समधील 3128 रुग्णांच्या पाहणीत पॉलिप असलेल्यांपैकी 20.6 टक्के रुग्णांना पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. बेल्जियममध्ये 38 रुग्णांना 12 वर्षांनी तपासले, तेव्हा दुर्बिणीतून 30 जणांच्या नाकात पॉलिप परतलेले दिसले. मात्र पुन्हा शस्त्रक्रिया लागलेले त्यांत 14 जणच होते. पॉलिप परत दिसणे वेगळे आणि त्यांचा त्रास होणे वेगळे, हा या आकड्यांतील दिलासा आहे.

धोक्यांचेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सायनसच्या एका भिंतीपलीकडे डोळा आणि छतापलीकडे मेंदू असतो. डोळ्याला इजा, मेंदूभोवतीच्या द्रवाची गळती वा मोठा रक्तस्राव हे गंभीर धोके आहेत. वरील ब्रिटिश पाहणीत अशा गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण 0.4 टक्के होते. ते अल्प आहे, शून्य नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी सी.टी. स्कॅन अनिवार्य असते. शल्यविशारदाला तो नकाशाच होय.

आपल्या आचारधर्माच्या दृष्टीने

नाक धुण्यासाठी नळाचे कच्चे पाणी वापरू नये. अशा पाण्यातील नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. असे क्वचितच घडते. परंतु घडल्यास प्राण वाचणे कठीण असते. उकळून कोमट केलेले पाणीच घ्यावे. येथे आपल्या घरांना वेगळे काही शिकावे लागत नाही. पाणी खळखळ उकळणे, झाकून ठेवणे आणि प्रहरांची मर्यादा संपताच न वापरणे ही शिस्त आपल्या आजींनी घालून दिलेलीच आहे. 250 मिलिलिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पुरे. बाटली रोज धुऊन कोरडी करावी.

चौविहार पाळणाऱ्यांनी डॉक्टरांना तसे आधीच सांगावे. स्टिरॉइडची गोळी बहुधा सकाळी न्याहारीनंतरच घ्यावयाची असते. अन्य औषधांच्या वेळाही पुष्कळदा सूर्यास्तापूर्वी बसविता येतात. नाकातील फवारा व्रताच्या मर्यादेत बसतो की नाही, हे आपल्या महाराजसाहेबांना विचारावे. मात्र परस्पर औषध बंद करू नये. पॉलिपची शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते, म्हणून पर्युषण, आयंबिल ओळी वा वर्षीतपाचा काळ पाहून दिवस ठरवावा. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे तरी उपवास नकोत. मधुमेह असेल तर अधिक जपावे.

प्राणिज पदार्थांचा प्रश्नही मोकळेपणाने विचारावा. रक्तस्राव थांबविण्यासाठी नाकात ठेवायचे काही स्पंज डुकराच्या जिलेटिनचे असतात. पुष्कळ कॅप्सूलचे कवचही जिलेटिनचे असते. त्याऐवजी सेल्युलोजचे वा कृत्रिम धाग्यांचे पर्याय उपलब्ध आहेत. शस्त्रक्रियेच्या आदल्या भेटीतच हे सांगितले, तर डॉक्टरांना सोय करता येते. असा आग्रह धरण्यात संकोच नसावा. जैनाचार्य उग्रादित्य यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ मद्य, मांस आणि मध वर्ज्य करून रचला. 1940 मध्ये तो सोलापुरात हिंदी अनुवादासह छापला गेला.

नंतरचे दिवस

पहिले सात-दहा दिवस नाक जोराने शिंकरू नये, शिंक तोंड उघडून द्यावी, पोती वा जड पेट्या दोन आठवडे उचलू नयेत. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून नाक धुणे सुरू करावे आणि खपल्या साफ करण्याच्या भेटी चुकवू नयेत. त्या चुकल्या तर मोकळी केलेली दारे पुन्हा चिकटतात. धुळीच्या जागी परतण्याचा दिवस डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. त्यानंतर फवारा आणि नाक धुणे वर्षानुवर्षे चालू ठेवायचे आहे. सायनसची दारे उघडी झाल्याने तेच औषध आता आतपर्यंत पोहोचते. शस्त्रक्रियेचा खरा लाभ हाच.

खर्चाबाबत एक सूचना. आरोग्य विमा घेताच या शस्त्रक्रियेचा दावा करता येईल असे नाही. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत कान-नाक-घशाच्या साध्या विकारांसाठी 24 महिन्यांचा प्रतीक्षाकाळ आहे. इतर पॉलिसींतील अट वाचून घ्यावी. परिसरात संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय येथे कान-नाक-घसा विभाग आहेत. आपल्याकडील कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर त्यास चिंचवडच्या मोहननगर येथील रुग्णालयाचा मार्ग दाखवावा.

केव्हा थांबू नये?

एकाच नाकपुडीत गाठ वाढणे, त्यातून वारंवार रक्त येणे, डोळा पुढे येणे वा दोन दिसणे, चेहऱ्याचा भाग बधिर होणे, असे काही असेल तर ते नेहमीचे पॉलिप समजू नयेत. तुकडा तपासून निदान करावे लागते. लहान मुलांतील पॉलिपचीही वेगळी तपासणी हवी. मधुमेही व्यक्तीच्या नाकात काळी खपली, चेहऱ्यावर सूज आणि वेदना दिसल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. 2021 मध्ये काळ्या बुरशीने आपल्याकडे किती घरे होरपळली, हे आपण विसरलेलो नाही.

इतर सर्वांनी निर्णय घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. दोन-तीन महिने औषधे नीट घेऊन झाली आहेत का? माझ्या स्कॅनमध्ये कोणते सायनस भरलेले आहेत आणि त्यांपैकी कोणते उघडणार? मला दमा वा ॲस्पिरिनचा त्रास असल्याने पॉलिप परतण्याची शक्यता किती? आणि शस्त्रक्रियेनंतर मला रोज काय करावे लागेल? यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून जो “मी हे करीन” असे मनापासून म्हणू शकतो, त्याने शस्त्रक्रियेला निःशंकपणे सामोरे जावे. ज्याला ते जमणार नाही असे वाटते, त्याने आधी तीन महिने नाक धुण्याची आणि फवाऱ्याची सवय लावून पाहावी. कदाचित तेवढ्यानेच भागेल. आणि न भागल्यास, शस्त्रक्रियेनंतर लागणारी शिस्त तोवर अंगवळणी पडलेली असेल.